वर्षाची बेगमी, महिन्याची यादी, रोजचं माळवं: महागाईत कोल्हापुरातलं घर कसं चालवायचं

महिन्याच्या पाच तारखेला किराण्याची यादी दुकानात द्यायची, संध्याकाळपर्यंत माल घरपोच, मग बिल भागवायचं. आमच्या घरात कैक वर्षं हेच चालत होतं. माणसं तीच, माल तोच, बिल मात्र चढत गेलं. मग मी यादीतल्या वस्तू कमी करायला लागले. आधी बदाम गेले, मग तूप, मग मुलांची फळं. तरी बिल म्हणावं तसं उतरेना.

सासूबाईंना मी कधी महिन्याची यादी करताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या हिशेबात दोनच खाती होती, वर्षाची बेगमी आणि रोजचा बाजार. जे टिकतं ते सुगीत भरून ठेवायचं, जे टिकत नाही ते लागेल तेवढं रोज आणायचं. आपण पगारावर जगणाऱ्यांनी टिकणारा मालसुद्धा दर महिन्याला किलो-दोन किलोनं घ्यायला सुरुवात केली, म्हणजे वर्षातले सगळे महाग महिने आपण पदरात घेतले. पैसा गळतो तो इथं, मुलांच्या फळांत नाही. एवढं कळल्यावर मी घरचा हिशेब नव्यानं मांडला. तो कसा मांडायचा, ते क्रमानं सांगते.

आधी दोन महिने फक्त लिहा

शंभर पानी वही घ्या. आलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख, वजन, दिलेले पैसे आणि किलोचा भाव लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुसत्या बिलाच्या आकड्यावरून काही कळत नाही. काय महागलं आणि आपण काय जास्त आणलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

दोन महिन्यांनी वही उघडलीत की एक गोष्ट बहुतेक दिसेलच. आपण ज्याला किराणा म्हणतो त्यात साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं, फरसाण यांचा वाटा मोठा असतो. माझ्या वहीत तो निघाला तेव्हा मी दोनदा बेरीज केली. एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं, फरसाण, तूप, लोणी यांवरचा जीएसटी उतरून ५ टक्क्यांवर आला आणि पाकीटबंद पनीरवरचा पूर्ण गेला. वहीतला त्याआधीचा भाव आता मोजायचा नाही, त्या वस्तूंचे भाव नव्यानं लिहून काढा.

धान्याचं उलटं आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळी, तांदूळ, पीठ यांवर ५ टक्के कर आहे. तेच धान्य सुट्टं घेतलं तर कर नाही. लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोत्यातून मोजून घेतलेली डाळ मॉलमधल्या चकचकीत पिशवीपेक्षा स्वस्त पडते, त्याचं हे एक कारण.

किलोचा भाव काढायची सवय

पाकिटावर एमआरपीबरोबर एका ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापावा लागतो. अक्षर बारीक असतं, पण तेच वाचायचं. पाकिटाची किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करण्याची युक्ती फक्त तिथंच पकडता येते. मोठं पाकीट स्वस्तच असतं हेही गृहीत धरू नका. चहापत्तीच्या बाबतीत मला दोन-तीनदा छोटं पाकीट स्वस्त पडलेलं आहे.

तेलात तर हमखास चूक होते. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, किलो नव्हे. समजा लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि १५ किलोचा डबा २४०० रुपयांना. २४०० भागिले १५ म्हणजे १६०, मग पिशवी स्वस्त असं वाटतं. पण १५० रुपयांत ९१० ग्रॅमच आलं, म्हणजे किलोला १६५ रुपये पडले. डबाच स्वस्त. आणि डब्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर, हेही बघा. १५ लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोच्या आतच तेल असतं.

यादीचे तीन भाग

वहीतल्या वस्तू तीन पानांवर वाटून काढा. पहिल्या पानावर वर्षाचं: जोंधळा, तांदूळ, गहू, तूरडाळ, हरभरा, चटणी (म्हणजे घरचं मसाल्याचं तिखट), हळद, चिंच, गूळ. दुसऱ्यावर महिन्याचं: तेल, साखर, चहा, पोहे, रवा, साबण. तिसऱ्यावर रोजचं: दूध, माळवं (म्हणजे भाजीपाला), अंडी, फळं. तिन्ही पानांचे नियम वेगळे आहेत. पहिल्यावर वेळ साधायची, दुसऱ्यावर किलोचा भाव बघायचा, तिसऱ्यावर काही वाया जाऊ द्यायचं नाही.

बेगमी कधी, किती, आणि पैसे कुठून

सुगीचा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पाठ असतो. शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. नवी तूर जानेवारीपासून मार्चपर्यंत, हरभरा त्याच्या मागोमाग, गहू मार्च-एप्रिलमध्ये. उन्हाळी कांदा आणि नवा लसूणही याच दिवसांतला. भात दिवाळीच्या आगेमागे निघतं, पण नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून तो घेऊन ठेवायचा आणि पुढच्या पावसाळ्यात काढायचा. आजऱ्याचा घनसाळ सणासुदीपुरता पाच किलो पुरे, रोजच्या भाताला साधा तांदूळ. आपल्या कोल्हापुरी गुळाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. फार पांढराशुभ्र गूळ मी घेत नाही.

म्हणजे वर्षाची बरीचशी खरेदी फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत येते, आणि पगारदाराच्या हातात तेव्हा एवढा पैसा नसतो. बेगमी मोडली ती या एकाच कारणानं. यावर आमच्या गल्लीत काढलेली वाट म्हणजे धान्याची भिशी. आम्ही दहाजणी जूनपासून मार्चपर्यंत महिन्याला ठरावीक रक्कम काढून बँकेत ठेवतो. चिठ्ठी नाही, लिलाव नाही, व्याज नाही. मार्चमध्ये सगळे पैसे एकदम निघतात आणि दहा घरांचा माल एकदम येतो. पाच किलो घेणाऱ्याला आणि पाच क्विंटल घेणाऱ्याला घाऊक दुकानात वेगवेगळा भाव मिळतो, हे सांगायला नको. टेम्पोचं भाडंही दहाजणींत वाटून जातं. लिलावाच्या भिशीत मात्र पैसे अडकवू नका. गरजेपोटी आधी उचलणारी बाई त्यात हमखास तोट्यात जाते.

किती घ्यायचं? वहीतला दोन महिन्यांचा वापर सहानं गुणा आणि त्यातले दोन महिने वजा करा. पहिल्या वर्षी दहा महिन्यांचंच भरा, कारण साठवण जमेलच असं नाही. मला जमली नव्हती. पहिल्या वर्षी मी पंधरा किलो तूरडाळ उन्हं न देता थेट पत्र्याच्या डब्यात ओतली. श्रावणात डबा उघडला तर वरच्या थरात सोंडे फिरत होते आणि डाळीला दमट वास. सहा किलो डाळ गेली. वाचवलेले सगळे पैसे त्या डब्यात बुडाले.

चुकलं काय, तर कोल्हापूरचा पावसाळा मी मोजलाच नव्हता. इथं जून ते सप्टेंबर हवा भिजलेलीच असते. आता मी एप्रिलमध्ये डाळीला आणि जोंधळ्याला तीन कडक उन्हं देते. उन्हातलं धान्य तसंच डब्यात भरत नाही. रात्रभर पसरून पूर्ण निवू देते, नाहीतर आतल्या वाफेनंच ओल धरते. डब्याच्या तळाला आणि वर वाळलेला कडुलिंबाचा पाला. डाळीला हात तेलकट होतील इतपतच एरंडेल. एक मोठा डबा करण्याऐवजी पाच-पाच किलोचे चार डबे, म्हणजे एकाला कीड लागली तरी बाकीचे सुटतात. ओल्या हातानं डब्यात हात घालायचा नाही, डब्यातच वाटी ठेवायची. आणि रवा, मैदा, बेसन यांची बेगमी अजिबात करू नका. पावसाळ्यात त्यांना पंधरा दिवसांत जाळी लागते. हरभरा डाळ ठेवा आणि लागेल तसं दळप काढा.

चटणी

कोल्हापुरात बेगमी म्हणजे आधी चटणी, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते. बाजारच्या मसाल्याची शंभर ग्रॅमची पाकिटं दर आठवड्याला फोडणारी घरं मी बघते तेव्हा वाईट वाटतं. आमच्या घरचं माप असं: देठ काढलेली मिरची एक किलो, त्यात निम्मी ब्याडगी रंगाला, पाव किलो संकेश्वरी चवीला, पाव किलो लवंगी तिखटाला. धणे पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, लसूण पाव किलो, कांदा अर्धा किलो उभा चिरून वाळवून तळलेला, मीठ पाव किलो आणि शंभर ग्रॅम खडा मसाला. यातून सव्वादोन किलोच्या आसपास चटणी उतरते. सगळ्या सामानाच्या खर्चात कांडपाची मजुरी धरा, सव्वादोननं भागा आणि तो भाव पाकिटावरच्या भावाशेजारी ठेवून बघा.

मिरची घेताना मूठभर हातात घेऊन कानाशी हलवा. वाळलेली असेल तर बी खुळखुळतं. दाबली की काडकन मोडली पाहिजे, लवली तर ओल आहे आणि त्या ओलीचे पैसे आपण देतोय. एका वर्षी मी घाईत पाच किलो घेतली. तीन दिवस वाळवून, देठं काढून वजन केलं तर चार किलोच्या आत भरली. त्या दिवसापासून भाव विचारताना मी "देठासकट की बिनदेठाची?" हे आधी विचारते.

मिरची कांडायला डंकावर शक्य तर सकाळी लवकर जा. एप्रिलमध्ये दहा वाजता तिथं बायकांची रांग लागते, पदर नाकाला, डोळ्यांतून पाणी, आणि कांडलेल्या मिरचीचा लाल धुरळा दारापर्यंत. माझ्या पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी मला सांगितलेलं अजून पाळते. "लसूण आन् मीठ सगळ्यात शेवटी टाक बाई, आन् चटणी गार झाल्याबिगर बरणीत भरू नको." बरणी चिनी मातीची किंवा काचेची, तळाला हिंगाचे दोन खडे, वर चटणी दाबून बसवायची. दोन बरण्या करा. रोजची लहान वेगळी, मोठीला महिन्यातून एकदाच हात लावायचा.

महिन्याचं पान

इथं भाव आपल्या हातात नसतो, वापर असतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध आणि इंडोनेशियाची पामतेल निर्यातबंदी, दोन्हींचा चटका आपल्या कढईला बसला तो त्यामुळं. म्हणून तेलाचा साठा करून ठेवण्यापेक्षा माप लावा. चार माणसांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर असं ठरवलं की महिन्याच्या एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या बरणीत काढायचं. फोडणी पळीनं घालायची, बरणी तिरकी करून नाही. आमच्याकडं एवढ्यानं महिन्याला एक लिटर वाचलं. तळण आठवड्यातून एक दिवस, आणि तळून उरलेलं तेल दोन दिवसांत भाजीत संपवायचं, पुन्हापुन्हा तापवायचं नाही.

सणाच्या महिन्यात नारळ, शेंगदाणे, साबुदाणा, गूळ चढणारच. गौरी-गणपतीचं सामान श्रावण लागायच्या आत आणि नवरात्राचं उपवासाचं सामान पितृपक्षाच्या सुरुवातीला घेऊन टाका. फोनवरून दहा मिनिटांत घरी येणाऱ्या मालाबद्दल एवढंच म्हणेन की तो अडीनडीला ठीक. वहीत त्याला वेगळं पान द्या, महिन्याअखेर बेरीज बघा आणि मग ठरवा.

माळवं

सकाळी नऊला कपिलतीर्थ मंडईत गेलात तर निवडायला भरपूर, पण भाव घट्ट. संध्याकाळी साडेसातनंतर खेड्यावरून आलेल्या बायकांना शेवटची एसटी गाठायची असते. परवाच एक मावशी पोकळ्याच्या चार पेंड्या पुढं सरकवत म्हणाल्या, "घे की ताई, वीसला चारी घे. घरला न्हेऊन काय करू मी?" सकाळी तीच पेंडी दहाला होती. मात्र त्यांनी सांगितलेल्या भावावर अजून घासाघीस करू नका. तो भाव उतरलेलाच असतो आणि त्या माणसाचा दिवसभराचा घाम त्यात असतो. संध्याकाळची पालेभाजी त्याच रात्री निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायची. सकाळवर ढकललीत तर निम्मी टाकावी लागेल.

लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात वाट्यावर माळवं मिळतं. वाटा घेताना वजनाचा अंदाज हवा, नाहीतर फसगत होते. दोन-तीनदा घरी आणून वाटा काट्यावर ठेवून बघा, मग डोळा बसतो.

जुलै-ऑगस्ट हा आपला खरा कठीण काळ. पंचगंगा पात्राबाहेर पडली की शिरोळकडचं नदीकाठचं माळवं पाण्याखाली जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता, भाजी कुठून येणार? त्या दोन महिन्यांसाठी उन्हाळ्यातच सांडगे, कुरडया, वाळवलेली गवार आणि मोड काढण्याची कडधान्यं करून ठेवायची. कांदा जाळीच्या टोपलीत, वारा लागेल असा, बटाट्यापासून लांब. टोमॅटो महागला की आमटीला चिंच किंवा आमसूल, भाजीला ताक. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली तेव्हा आमच्या घरात दीड महिना टोमॅटो आला नाही आणि जेवताना कुणाची तक्रार झाली नाही.

चुलीपाशी

तूर चढली की निम्मी तूर, निम्मी मसूर. चवीत फार फरक पडत नाही, शिजते मात्र लवकर. त्याहून मोठा आधार हुलग्याचा. शंभर ग्रॅम हुलग्यात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तुरीइतकीच, आणि भाव तुरीच्या खाली असतो. रात्री दोन वाट्या हुलगे भिजवा, दुसऱ्या दिवशी मोड आणा. शिजवलेलं पाणी गाळून त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की कढण तयार, आणि खालच्या हुलग्याची उसळ. एका कुकरात दोन पदार्थ. मुलं नाक मुरडतात, म्हणून आमच्याकडं कढणात एक चमचा ताजं दही फेटून घालतो. आता मागून पितात.

आठवड्याचा एक दिवस पिठल्याचा, एक खर्डा-भाकरीचा, एक शेंगदाण्याच्या आमटीचा. या जेवणांत कमीपणा काही नाही, आपण यांवरच वाढलोय. डाळी-कडधान्यं भिजवल्याशिवाय कुकरला लावू नका, गॅस वाचतो. म्हशीचं दूध घेत असाल तर रोजची साय विरजणात साठवा. आमच्याकडं रोजच्या दोन लिटर दुधावर महिन्याचं तूप घरीच निघतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणाऱ्या दुधाला जाड साय येते, भाव जास्त वाटला तरी तुपाची किंमत वजा करून बघा.

कशाला हात लावायचा नाही

पोरांचं दूध, अंडी, डाळ, फळ. आणि घरातल्या बाईचं ताट. महागाईत पहिला घास तिच्याच ताटातला कमी होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ती शेवटी जेवते, उरलेलं जेवते, भाजी संपली असेल तर चटणीशी खाते. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं हा नियम मी बचतीच्या सगळ्या नियमांच्या वर ठेवते. फळ म्हणजे सफरचंदच असं नाही. पेरू, केळी, बोरं, विलायती चिंचा, जे हंगामात स्वस्त तेच.

रेशन हक्काचं आहे, ते लाजून सोडू नका. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य महिन्याला, जानेवारी २०२३ पासून मोफत. केशरी कार्डावर प्राधान्य यादीत येण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार रुपये. घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का ते बघा, राहिलेल्या माणसाचं धान्य अडतं. धान्य कमी दिलं तर १९६७ वर फोन करा. दुकानात एमआरपीच्या वर पैसे मागितले किंवा वजनात मारलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

दुकानातली उधारी आधी संपवा. खातं चालू असलं की आपण भाव विचारत नाही आणि दुसऱ्या दुकानात जायला पाय उचलत नाही. दर महिन्याला बिलाबरोबर जुन्या बाकीतले दोनशे-तीनशे वळते करा, पण नवीन माल रोखीनं घ्या.

हे वाचताना पावसाळा चालू असेल तर बेगमीच्या भानगडीत पडू नका. वही आजच घाला, तेलाची बरणी वेगळी काढा आणि शेजारच्या चार घरांत भिशीचं बोलून ठेवा. थंडी सरली की रिकामे डबे घासून उन्हात पालथे घालायला घ्या, शाळू बाजारात यायला तेव्हा महिनाभरच उरलेला असतो.